मला पाण्यात बुडवून ठेवा

मी एक जुनी होडी आहे. निलगिरीच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली. माझ्या अंगात कुठे जोड नाही की खिळा नाही. मित्रांनो, तुमच्याकडच्या होड्या फळ्या जोडून करतात, असे मी पाहुण्यांच्या बोलण्यात ऐकले आहे. त्यांची एक फळी गेली तर दुसरी बसवता येते. माझे तसे नाही. मी फुटले की सगळीच फुटते.

बुन्योनी तळ्याच्या काठी, उतारावरच्या शेतांच्या वरच्या अंगाला माझे झाड होते. बिटारिहो नावाच्या म्हाताऱ्याने ते हेरून ठेवले होते. येता-जाता तो खोडावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "अजून थोडी जाड हो गं बाई, घाई नाही." मग एका वर्षी त्याने झाड पाडले आणि वाकस घेऊन मला कोरायला बसला. पावसाळा आला तरी तो कोरतच होता. बायको त्याला ज्वारीची आंबील आणून द्यायची आणि विचारायची, "होडी करताय की चमचा?" शेवटी मला उतारावरून ओढत खाली आणले, तेव्हा निम्मा गाव जमला होता. अर्धे लोक ओढत होते आणि अर्धे ओढणाऱ्यांना शिव्या देत होते.

पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर बिटारिहोने जे केले, त्याने माझी घाबरगुंडी उडाली. त्याने काठाजवळ माझ्यात धोंडे भरले आणि मला पाण्यात बुडवले. मला वाटले, माझ्या हातून काही चूक झाली आणि म्हातारा मला शिक्षा करतो आहे. पण गार पाणी अंगात मुरले आणि माझ्या लाकडाचा ताण सैल झाला. बारीकसारीक चिरा आपोआप मिटल्या. तेव्हा मला समजले की ही शिक्षा नव्हे, हे माझे अंथरूण आहे. आमच्या तळ्यावर होडीला असेच निजवतात. कामाला काढायची तेव्हा धोंडे उपसायचे आणि काम संपले की पुन्हा भरायचे.

किती वर्षे मी अशी राबले! बटाट्याची पोती नेली, शाळेची पोरे नेली, बाजारच्या दिवशी भांडणाऱ्या बायका नेल्या. नवऱ्यामुलीला सासरी सोडले आणि पुढे तिलाच बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचवले. एकदा एका बोकडाने माझी कड चावून खाल्ली, ती खूण अजून आहे. आणि एके दिवशी बिटारिहोलाच पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्यात ठेवले. तेवढी एकच खेप अशी होती की तो माझ्यात होता आणि वल्हे दुसऱ्याच्या हातात होते.

त्याच्या पुतण्याला इंजिनाची होडी हवी होती. त्याने मला तळ्याकाठच्या हॉटेलला देऊन टाकले.

या हॉटेलचा मॅनेजर ओबेद हा तरुण माणूस. कंपालाच्या बाजूचा, हॉटेलचे शिक्षण घेतलेला, कॉलर नेहमी कडक. मित्रांनो, माझ्या बोलण्यावरून त्याला वाईट समजू नका. माणूस मनाचा फार चांगला. मला चिखलात, धोंड्यांखाली बुडालेली पाहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "अरेरे, काय हाल केलेत हिचे!" असे म्हणून त्याने मला बाहेर काढले, घासून धुतले, हिरवळीवर दोन ओंडक्यांवर निजवले. मी खडखडीत वाळल्यावर माझ्यावर निळा तेलरंग चढवला, एकावर एक, जाडजूड. पाहुणे येत, माझ्या कडेवर हात ठेवून फोटो काढत. "किती छान जपलीय!" म्हणत. इतके कौतुक माझे बिटारिहोने जन्मात केले नव्हते.

आणि मी आतून वाळत होते. एका दुपारी माझ्या तळाशी 'कट्' असा आवाज झाला आणि पुढच्या टोकापासून मध्यापर्यंत एक चीर गेली. ओबेदने ती दुसऱ्या दिवशी पाहिली. त्याने मोठ्या मायेने तीत पुट्टी भरली आणि वरून पुन्हा निळा रंग मारला. मला सांगायचे होते की बाबा रे, मला औषध नको, पाणी हवे. पण होडीला कुठली वाचा?

अशा वेळी ते दोघे आले.

नवऱ्याचे नाव कात्सिगाझी. पलीकडच्या कोरड्या, गुराढोरांच्या मुलुखातला माणूस. सरकारी नोकरीत जन्मभर गुरे तपासली आणि आता निवृत्त झाला होता. डोक्यावर रुंद काठाची, करड्या रंगाची टोपी. जेवतानाही ती खुर्चीवर शेजारी ठेवायचा. बायको कोबुसिंगे, आमच्या तळ्यातल्या कागुंगा बेटावर जन्मलेली. लग्न होऊन त्याच्या मुलुखात गेली आणि तिथेच संसार केला. गेल्या वर्षी तिच्या छातीचे मोठे ऑपरेशन झाले होते. आता नवऱ्याने तिला विश्रांतीसाठी इथे आणले होते.

त्यांच्या खुर्च्या हिरवळीवर माझ्या शेजारीच असत. सकाळी धुके उठले की ते येऊन बसत. तो तिच्या पायांवर घोंगडी घाली, कडा खोची, मग पुन्हा खोची. गरम दुधाचा थर्मास मध्ये ठेवलेला. समोर करकोचे उतरायचे, लव्हाळ्यातून पाणमांजर डोके काढायचे. पाहणाऱ्याला वाटावे, काय सुखी जोडपे आहे! आणि समोर, पाण्यापलीकडे, कागुंगा बेट दिसत होते.

"अमोनचे बाबा, ते निलगिरीचं उंच टोक दिसतंय ना? त्याच्या खाली आमचं घर," ती म्हणाली. अमोन हा त्यांचा थोरला मुलगा.

"दिसलं. झालं ना बघून? आता दूध घे, गार होतंय."

"दूध, दूध! तळ्यावर आलेय, जरा आंबील मागवा की."

"आंबील आंबट असते. तुझ्या छातीला चालायची नाही."

"आंबील छातीत जाते का हो? असे कसे तुम्ही डॉक्टर?"

"गुरांचा का होईना, अर्धा डॉक्टर आहे मी."

"हो ना! म्हणून मला गोठ्यात बांधून पुढ्यात गवत टाकताय. मी गाय नाही म्हटलं तुमची."

"गाय असतीस तर किती बरं झालं असतं. गाय ऐकते तरी."

ती हसली. मग थोड्या वेळाने, बेटाकडे बघतच, अगदी हळू म्हणाली, "मला आईला माती द्यायचीय."

तो पुन्हा घोंगडी खोचू लागला.

मित्रांनो, गोष्ट अशी होती. ती दवाखान्यात होती तेव्हा इकडे बेटावर तिची आई गेली. धक्का बसेल म्हणून नवऱ्याने तिला सांगितले नाही. ती उठून हिंडूफिरू लागल्यावर, मातीला महिना होऊन गेल्यावर त्याने तोंड उघडले. सगळ्या गावाने म्हातारीच्या कबरीवर मूठ मूठ माती टाकली होती. पोटच्या लेकीची तेवढी राहिली होती. ती मूठ टाकायला ती आली होती आणि तो तिला विश्रांती द्यायला आला होता.

"उद्या जाऊ," तो शेवटी म्हणाला.

"कालही उद्याच म्हणालात."

"तिथे जाऊन तू रडणार. डॉक्टर काय म्हणालेत? रडणं नको, दगदग नको. तळं बघायचंय म्हणालीस, आणलं ना मी तळ्यावर?"

"आणलंत. बकरीला कुरणाच्या कुंपणापर्यंत आणतात तसं."

त्या दिवशी दोघांनी दूध घेतले नाही. थर्मास तसाच खोलीत परत गेला.

मी सगळे ऐकत होते. मी कागुंग्याला कितीदा गेले आहे! डोळे मिटून गेले असते, डोळे असते तर. वाटायचे, हिने नुसते माझ्यात बसावे, मी हिला आईपाशी नेते. आणि त्याच वेळी तळाची चीर आठवायची आणि वाटायचे, नको, बाई, माझ्यात बसू नकोस.

पण ती बसलीच. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तिने नवऱ्याला गोड बोलून पटवले. "नुसतं त्या लव्हाळ्यापर्यंत. पाणमांजराची पिल्लं बघू. वल्हं तुम्हीच मारा, मी राणीसारखी बसते." राणीसारखी बसणार म्हटल्यावर तो विरघळला. ओबेदला तर आनंद झाला. त्याने माळ्याच्या मदतीने मला पाण्यात ढकलले. पोहण्याचे जाकीट एकच सापडले. ते कात्सिगाझीने बायकोला घातले आणि पट्टे स्वतः आवळले. तिला पोहता येते आणि आपल्याला येत नाही, हे त्याला चांगले माहीत होते.

तिने माझ्यात पाय ठेवला आणि मला ओळख पटली. अगदी मध्यावर, गुडघे वाकवून, अंगाचा भार सोडत सोडत. तळ्याचीच लेक! तो चढला तो कडेवर पाय देऊन, जीपमध्ये चढतात तसा. मी डगमगले आणि त्याने आपल्या देवाचे नाव घेतले.

मग तो वल्हे मारू लागला. मी गोल फिरले. त्याने जोर लावला. मी जोरात गोल फिरले. काठावरून माळी आणि ओबेद वल्हे कसे धरावे ते हातवारे करून सांगत होते, तेही दोघे वेगवेगळे. कोबुसिंगे हसू लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोही लाजून हसला. ऑपरेशननंतर ती इतकी हसली नव्हती, असे तो म्हणाला.

"द्या इकडे, गुराखीबुवा," ती म्हणाली आणि तिने वल्हे घेतले.

तिच्या हातात वल्हे गेले आणि मी सरळ झाले. लव्हाळी मागे पडली. तो म्हणाला, "अगं, इथेच थांबायचं होतं ना?" तिने वल्हे पुढच्या पाण्यात घातले. "कोबु, दगदग नको!" ती वल्हवत होती. हातात घाई नव्हती, श्वासाला धाप नव्हती. मग तो गप्प बसला. त्याला दिसले असावे की तिचा चेहरा किती महिन्यांनी असा शांत झाला आहे.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर घटका होती. आणि माझी पुट्टी सुटत होती.

तुम्ही म्हणाल, पाण्यात आलीस तर फुगून चीर मिटवायची होतीस. मी किती धडपडले! पण लाकडाला फुगायला वेळ लागतो. शिवाय तो निळा रंग पाण्याला माझ्या अंगात शिरू देत नव्हता. पाणी फक्त चिरेतून, थेट आत येत होते. आधी थेंब, मग धार. ओरडायला मला तोंड नाही. मी तिच्या पायाला गार पाणी लावले, तेवढेच मला करता आले.

तिने खाली पाहिले. घोंगडीचे टोक भिजले होते. तिने ती बाजूला सारली आणि ओणवी होऊन चिरेवर तळवा दाबून धरला. पाणी बोटांमधून वर आले.

"काय झालं?" त्याने विचारले.

"काही नाही. टोपी काढा आणि पाणी उपसा. उभे राहू नका."

तो दोन्ही हातांनी माझ्या कडा धरून बसला होता. बोटे पांढरी पडली होती. एक हात सोडायला त्याला किती वेळ लागला! पण त्याने सोडला. ती आवडती करडी टोपी काढली आणि पाणी बाहेर फेकू लागला.

कागुंगा बेट आता इतके जवळ आले होते की धुण्याचे दगड दिसत होते. हॉटेलही साधारण तेवढेच मागे होते. पण दुपारनंतर आमच्याकडे वारा बेटाकडून वाहतो. बेटावर जायचे तर वाऱ्याच्या तोंडावर आणि परत फिरायचे तर वारा पाठीशी. ती एकटी असती तर तिने मला पुढेच नेले असते, बुडाले तर उरलेले पोहून गेली असती. हे मला ठाऊक आहे, कारण तिचे वल्हे हवेत थांबले होते. तिने उंच निलगिरीकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. तो मान खाली घालून पाणी उपसत होता. आणि एवढ्यातही म्हणाला, "तुझं जाकीट नीट आहे ना?"

तिने मला वळवले.

परतीच्या वाटेवर ती रडत होती. वल्हे एका लयीत चालू होते आणि गालावरून पाणी वाहत होते. आवाज नव्हता. ज्या रडण्याला तो घाबरत होता तेच हे रडणे, आणि ते माझ्यामुळे. सबंध जन्मात एवढीच एक खेप मी मनापासून मागितली होती आणि तीच मी अर्ध्यावर टाकली.

काठाला लागलो तेव्हा मी कडेपर्यंत भरले होते. ओबेद पाण्यात धावत आला. कात्सिगाझी बाहेर पडला आणि त्याच्यावरच फिरला. "ही होडी म्हणायची का चाळण? माझी बायको आजारी आहे! फोडा ही, जाळून टाका!"

"जाळू नका," कोबुसिंगे म्हणाली. ती माझ्याजवळ गुडघे टेकून बसली होती. तिने माझ्या कडेवरचा निळा पोपडा नखाने काढला, खालचे कोरडे लाकूड चाचपले. "अरे ओबेद, हिला कितीक दिवस उन्हात ठेवलीस?"

"माई, मी तिला खूप जपत होतो. चिखलातून काढली, रंग दिला..."

"म्हणूनच फुटली, बाळा. आमच्या होड्या धोंडे भरून पाण्यात बुडवून ठेवतात. तू तिला कोरडी ठेवलीस. जपलीस आणि जपून जपून फोडलीस." तिने हात लाकडावर तसाच ठेवला. "तिचं काय हवंय ते तिला विचारायचं तरी. नाही बोलता येत तिला, पण तिला ओळखणारं कुणी काठावर असेलच ना?"

ती ओबेदशी बोलत होती. पण कात्सिगाझीने हातातली भिजलेली टोपी दोन्ही हातांनी पिळली आणि तसाच उभा राहिला.

"हिला बुडवून ठेव," ती जाताना ओबेदला म्हणाली. "चीर पुरती नाही मिटायची, पण हिला बरं वाटेल."

"हो माई, नक्की," ओबेद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून बटाट्यांची मोठी होडी चालली होती. कात्सिगाझी काठावर उभा राहून गुरांना हाकारतात तसा मोठ्याने ओरडला आणि त्याने ती थांबवली. मग खुर्चीपाशी आला आणि बायकोला म्हणाला, "चल, कागुंग्याला जाऊ."

"आणि रडले तर?"

"तर रड. मी आहे शेजारी." टोपीची कड चाचपत म्हणाला, "मी तुला वेळेवर सांगायला हवं होतं, कोबु."

तिने घोंगडी खुर्चीवर टाकली. थर्मासही तिथेच राहिला. त्या मोठ्या होडीत तिने पुढच्या टोकाशी बसून एक वल्हे मागून घेतले आणि तो पोत्यांवर बसला. मला पुन्हा ओढून हिरवळीवर ठेवले होते, तिथून मी पाहत होते. धुके त्यांना झाकेपर्यंत पाहत होते. ती जात होती याचा आनंद मला झाला, खरेच झाला. पण ती माझ्यातून जात नव्हती.

इकडे ओबेद मोठ्या विचारात पडला. माईंचा शब्द मोडायचा नव्हता. पण हॉटेलसमोर बुडालेली होडी पाहून पाहुणे काय म्हणतील? मग त्याला एक कल्पना सुचली आणि त्याचा चेहरा खुलला. माईंना आवडेल, माई परत येतील तेव्हा चकित होतील, असे म्हणत त्याने माळ्याला हाक मारली. दोघांनी मिळून माझ्यात माती भरली. धोंड्यांऐवजी माती. वर लाल फुलांची रोपे लावली आणि झारीने पाणी शिंपडले. ते पाणी मुळांनीच पिऊन टाकले. माझ्या तळापर्यंत थेंब पोचला नाही.

संध्याकाळी ती दोघे परतली. तिचे डोळे सुजले होते, पण चाल हलकी होती. तिने आंबील प्यायली असावी, पदरावर डाग होता. उजव्या हाताची माती तिने धुतली नव्हती. त्यांची मोटार दारात उभी होती. सामान चढत होते.

"माई, बघा!" ओबेद हर्षाने म्हणाला. "आता ती कधीच फुटणार नाही. जन्मभर जपेन."

ती माझ्यासमोर उभी राहिली. तिने माती पाहिली, फुले पाहिली. मी मनात म्हणत होते, सांग त्याला, ही माती काढ म्हणून सांग. पण ओबेदचा चेहरा इतका आनंदाने फुलला होता की तिच्या ओठांशी आलेला शब्द तिने गिळला. तो गिळलेला मला दिसला. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि फुलांना चुकवून, माझ्या कडेवरून, रंग उडालेल्या जागी हळूहळू ओतली.

"माई, फुलांना सकाळीच घातलंय पाणी," ओबेद म्हणाला.

"फुलांना नाही घातलं मी," ती म्हणाली.

ओबेदला काही कळले नाही. पण कात्सिगाझीला कळले. तो काठावर गेला, डोक्यावरची टोपी काढली, तळ्यात बुडवून भरून आणली आणि माझ्यावर ओतली. मग पुन्हा गेला. मोटारवाला भोंगा वाजवत होता. तरी तो तिसऱ्यांदाही गेला. मग ती दोघे निघून गेली.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. फुले छान फुलतात. ओबेद रोज माझ्या कडांवरून फडके फिरवतो. त्याची माया खरी आहे आणि म्हणूनच तिच्यापुढे मी लाचार आहे. मी त्याच्यावर रागावूही शकत नाही.

माझे एवढेच मागणे आहे. तुम्ही कुणाला जपायला निघालात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, दारातल्या जनावराला, जुन्या एखाद्या वस्तूला, तर आधी त्याला विचारा, तुला काय हवे? त्याला वाचा नसेल तर अंगावरून हात फिरवून बघा. आणि कधी आमच्या तळ्यावर आलात आणि निळ्या होडीत लाल फुले दिसली, तर फोटो खुशाल काढा. फक्त जाण्यापूर्वी एक ओंजळ पाणी आणा आणि ते फुलांना घालू नका.

तळे माझ्या अगदी समोर आहे. रात्रंदिवस मी त्याचा आवाज ऐकते.